अमेरिकेच्या बातम्यांचे सशुल्क ॲप : सोलापुरातून आठ महिन्यांच्या वापरानंतर

27 ऑगस्ट 2025 ला, गणेश चतुर्थीच्या सकाळी, घरात प्रतिष्ठापनेची तयारी चालू असताना मुंबईच्या निर्यातदारांचा फोन आला. ते म्हणाले, “अण्णा, तुमचे सहाशे डझन टॉवेल भिवंडीच्या गोदामात उतरवून घेतो, पण पुढे पाठवत नाही. ट्रक आधी निघून उपयोग नसतो, माल जहाजावर चढलेला लागतो.” हा माल वेळेत निघावा म्हणून आम्ही तीन रात्री जादा पाळी चालवली होती आणि त्या घाईला कारण होती अमेरिकेच्या वाढीव आयातशुल्काबद्दलची या ॲपवरची एक ओळ : ‘आधी निघालेल्या मालाला सवलत’. त्या फोननंतरच हा अनुभव सविस्तर लिहायचे ठरवले.

ॲपचे नाव देत नाही; ते वापरणाऱ्यांना त्याचा अमेरिका विभाग परिचयाचा आहे. मी ते 14 जानेवारीला, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरात असताना, वर्षाचे 1,499 रुपये भरून घेतले. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत माझे 16 मागांचे टेरी टॉवेलचे युनिट आहे आणि त्यातला बराच माल निर्यातदारामार्फत अमेरिकेला जातो. 20 जानेवारीला तिथे डोनाल्ड ट्रम्प पुन्हा अध्यक्ष होणार होते आणि प्रचारात त्यांनी आयातशुल्काचा विषय लावून धरला होता. त्यामुळे फुकट बातम्यांवर विसंबणे मला परवडणारे नव्हते. एरवी 1,499 रुपये मोबाइलवरच्या बातम्यांसाठी मी कधीच खर्च केले नसते.

पहिले दोन महिने मी समाधानी होतो. शपथविधीच्या दिवशीच 26 कार्यकारी आदेश निघाले, तेव्हा प्रत्येक आदेशाचा मथितार्थ मराठीत वाचायला मिळाला. लोकमताचा आलेख मात्र मला त्या वेळी निव्वळ सजावट वाटला. गॅलप या अमेरिकी जनमत-चाचणी संस्थेच्या जानेवारीतील पाहणीत अध्यक्षांच्या कामाला 47 टक्के पसंती होती. त्या आकड्याचा माझ्या मागांशी काय संबंध, असे म्हणून मी तो विभाग बंद करून टाकला. ती माझी चूक होती, त्याकडे पुढे येतो.

खरी परीक्षा 2 एप्रिलच्या घोषणेने झाली. आपल्याकडे तेव्हा 3 तारखेची मध्यरात्र उलटली होती. मोबाइलच्या बंद पडद्यावर सूचना आली : ‘भारतावर 26 टक्के आयातशुल्क, लागू होण्याची ता…’ आणि तिथेच ओळ तुटली. तारीख बघायला ॲप उघडावे, तर आत मथळ्यात 26 टक्के आणि आदेशाच्या जोडपत्रातला आकडा म्हणून 27 टक्के. ही तफावत मुळात अमेरिकी कागदपत्रांतच होती आणि एक-दोन दिवसांत ती 26 वर आणली गेली, हे मी मान्य करतो. परंतु ॲपवरची जुनी बातमी कोणी दुरुस्त केली नाही. आमच्या सुती टेरी टॉवेलवर, म्हणजे शुल्कसूचीतल्या 6302.60 या शीर्षाखालील मालावर, अमेरिकेत आधीच 9.1 टक्के शुल्क होते. त्यावर 26 चढणार की 27, हा टॉवेलवाल्याला किरकोळ प्रश्न नाही, कारण शुल्क तिकडचा आयातदार भरत असला तरी सूट तो आपल्याकडेच मागतो.

त्यानंतर आठवड्याभरातच या ॲपने मला एकदा मनापासून आनंदही दिला, तो नोंदवायलाच हवा. 9 एप्रिलला रात्री अकराच्या सुमारास वाढीव शुल्काला 90 दिवसांची स्थगिती मिळाल्याची सूचना आली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून चार माग बंद ठेवायचे ठरले होते. मी लगेच रात्रपाळीवरच्या माणसांना फोन करून मागावरचे बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेले रूळ) काढू नका असे सांगितले आणि कोणाचीही पाळी बुडाली नाही. मात्र 10 टक्क्यांचे सरसकट शुल्क स्थगितीतही चालूच राहणार होते, हे वाक्य बातमीच्या सातव्या परिच्छेदात होते.

आता मुख्य तक्रार. हे ॲप भारतीय वेळ सांगत नाही. अमेरिकेतले शुल्क एका ठरलेल्या तारखेला मध्यरात्रीनंतर 12 वाजून 1 मिनिटाने लागू होते आणि उन्हाळ्यात ती वेळ आपल्याकडे सकाळी 9 वाजून 31 मिनिटे असते. ॲप आधी नुसते ‘आजपासून’ आणि ‘उद्यापासून’ लिहीत असे. तो ‘आज’ वॉशिंग्टनचा की सोलापूरचा, हे वाचणाऱ्याने ताडायचे. मी मदत कक्षाला तीन वेळा लिहिले आणि तिन्ही वेळा ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ हेच उत्तर आले. जूनमधल्या अद्ययावत आवृत्तीत वेळ दिसू लागली, पण ती वॉशिंग्टनची. 30 जुलैला ‘1 ऑगस्टपासून 25 टक्के’ अशी सूचना आली. दुसऱ्या दिवशीच्या आदेशाने ती तारीख 7 ऑगस्ट झाली, तरी पहिली सूचना यादीत तशीच राहिली.

27 ऑगस्टला आणखी 25 टक्के चढून एकूण वाढ 50 टक्क्यांवर गेली. या वेळच्या सवलतीच्या अटी दोन होत्या : माल शुल्क लागू होण्याच्या वेळेआधी जहाजावर चढलेला असावा आणि 17 सप्टेंबरच्या आत अमेरिकेत दाखल व्हावा. न्हावा शेवा बंदरातून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला पोहोचायलाच साधारण महिना लागतो. दुसरी अट वाचली असती तर मी एकाही माणसाला रात्री जागवले नसते, आणि ॲपने नेमकी तीच गाळली होती. तीन रात्रींची जादा मजुरी आणि ट्रकचे भाडे यांत या ॲपची कित्येक वर्षांची वर्गणी निघाली असती. तेव्हा पाकिस्तानवर 19 आणि बांगलादेशावर 20 टक्केच वाढीव शुल्क होते, आणि आमचा माल गोदामात पडून राहिला.

लोकमताच्या विभागाबद्दलचे माझे मत मात्र मे महिन्यात बदलले. निर्यातदारांनी सहज सांगितले की तिकडची मोठी दुकाने माल मागवताना अध्यक्षांच्या भाषणापेक्षा गिऱ्हाइकाच्या मनाकडे पाहतात. मी तो विभाग पुन्हा सुरू केला. मिशिगन विद्यापीठाचा ग्राहक-भावना निर्देशांक, म्हणजे तिकडचे गिऱ्हाईक किती आशावादी आहे याचे माप, डिसेंबरमध्ये 74 होता, तो एप्रिलमध्ये 52.2 वर आला होता. माझ्या वहीत आमच्या मागण्यांचा ओघही त्याच सुमारास आटलेला होता. अध्यक्षांविरोधात 5 एप्रिलला पन्नासही राज्यांत झालेली निदर्शने आणि 14 जूनचे ‘नो किंग्ज’ मोर्चे यांची छायाचित्रे मी परक्या घरातले भांडण म्हणून पाहत होतो. पण त्या गर्दीत नसलेला, महागाईच्या धास्तीने टॉवेलची खरेदी पुढे ढकलणारा माणूसही प्रतिक्रियाच देत होता आणि आमच्यापर्यंत त्याचीच प्रतिक्रिया आधी पोहोचली.

गॅलपचा आकडा जुलैत 37 वर आला. इथेही ॲप एकच सरासरी रेघ दाखवते. अध्यक्षांच्या पक्षाचे दहापैकी जवळजवळ नऊ लोक तेव्हाही त्यांच्या पाठीशी होते. घसरण झाली ती मुख्यतः कोणत्याच पक्षाचे नसलेल्यांत, जिथे पसंती 29 टक्के उरली होती. ही फोड बोट लावल्यावर दुसऱ्या पानावर उघडते. ती पहिल्या पानावर असती तर ‘लोक विरोधात गेले म्हणजे आता शुल्क मागे घेतील’ असा अंदाज आमच्या चहाच्या टपरीवर इतक्या खात्रीने कोणी बांधला नसता. मीही तो बांधला होता आणि त्याच भरवशावर सूत जास्तीचे घेऊन ठेवले. ते आज वायंडिंगच्या (सूत गुंडाळण्याच्या) खोलीत छतापर्यंत रचलेले आहे.

तरीही लोकमताच्या विभागासाठी हे ॲप घेण्याजोगे आहे, असे मी सांगेन. शुल्काच्या तारखांसाठी मात्र केवळ त्याच्यावर विसंबू नये. निर्यातदाराकडून मूळ आदेशाची प्रत मागवून घ्यावी. वर्गणी आपोआप कापली जाण्याची सोय मी बंद केली आहे. भारतीय वेळ आणि सवलतीच्या सर्व अटी बातमीच्या पहिल्या परिच्छेदात द्याव्यात, असे चौथे पत्र मी 1 सप्टेंबरला पाठवले. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. मुदत 13 जानेवारीपर्यंत आहे, तोपर्यंत वाट पाहीन.