गाडीत अ‍ॅक्शन कॅमेरा कुठे बसवावा: ट्रॅकवरचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये कॅमेरा घेतला. तेव्हापासून कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर दोनदा आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर एकदा, अशा ट्रॅक डेच्या (आपली गाडी सर्किटवर नेऊन चालवायचे दिवस) तीन खेपा झाल्या. गाडी स्विफ्ट, पेट्रोल, मॅन्युअल. टायर आणि ब्रेक पॅड बदललेत, बाकी शोरूममधून आली तशीच. कॅमेऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला सांगायचंय ते माउंटबद्दल, म्हणजे कॅमेरा धरून ठेवणाऱ्या जोडणीबद्दल, आणि ते कुठल्याही चांगल्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्याला सारखंच लागू पडतं.

कॅमेरा कशासाठी घेतला हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं. मुंबईत सर्किट नाही. मुलुंडहून कारीला जायचं म्हणजे पुणे, कोल्हापूर, हुबळी, बेंगळुरू, सेलम असा तेराशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, वाटेत एक मुक्काम. एवढं करून ट्रॅकवर मिळतात पंधरा-वीस मिनिटांची चार-पाच सेशन. बाजूला इन्स्ट्रक्टर मिळालाच तर एखाद्या सेशनपुरता. मला तो प्रत्येक लॅप घरी आणायचा होता, रात्री जेवणानंतर शांतपणे बघायचा होता आणि आपलं कुठे चुकतंय ते शोधायचं होतं. मित्रांना दाखवायचा व्हिडिओ हा त्यातून मिळणारा वरचा फायदा.

तरीही पहिली चूक सगळे करतात तीच केली. कॅमेरा बाहेर लावला. उजव्या मागच्या दारावर सक्शन कप (हवा काढून चिकटणारा रबरी कप), कॅमेऱ्याचं तोंड पुढे. चित्रात गाडीची कड, फिरणारं पुढचं चाक आणि मागे पळणारा ट्रॅक. दिसायला फारच सुंदर. कप ऑनलाइन घेतलेला, स्वस्तातला होता, पण निघायच्या आधी रविवारी पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर ८०च्या वेगाने नेऊन आणला होता. पुलाच्या प्रत्येक सांध्यावर दणका बसायचा, तरी कप तसूभर हलला नाही. मी निर्धास्त झालो.

कारीला दुसऱ्या सेशनच्या तिसऱ्या लॅपला ब्रेक मारला आणि मागून धाडकन आवाज आला. कप सुटला होता. नायलॉनची दोरी बांधलेली होती म्हणून कॅमेरा ट्रॅकवर पडला नाही, पण दोरी हातभर लांब, त्यामुळे पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) पोचेपर्यंत तो दारावर आपटत राहिला. रंग तीन ठिकाणी उडाला. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. मागून एक पोलो येत होती, आणि दोरी तुटली असती तर ते अर्धा किलोचं धूड तिच्या काचेवर गेलं असतं, या विचाराने मात्र हात गार पडले. त्या दिवशी पुढची दोन्ही सेशन कॅमेऱ्याशिवाय चालवली.

संध्याकाळी कप उन्हात धरून नीट पाहिला. रबराच्या कडेला नखाएवढ्या भागात धुळीची बारीक रेघ होती. तेवढ्यानेच घात केला होता. कागदावर हिशोब केला तर ८ सेंटीमीटर व्यासाच्या कपाला हवेचा दाब साधारण ५० किलोच्या जोराने दाबून धरतो, आणि दीडशेच्या वेगाला वारा त्या छोट्या कॅमेऱ्याला जेमतेम अर्धा-पाऊण किलोच्या जोराने ढकलतो. म्हणजे वाऱ्याने कप निघत नाही. केसाएवढ्या फटीतून हवा आत शिरते म्हणून निघतो. सकाळी पत्रा गार असताना कप लावला होता, अकरापर्यंत पत्रा हात लावू नये इतका तापला. पत्र्यावर वॅक्सही होतं. फ्रीवेवरच्या पहाटेत यातलं काहीच नव्हतं, म्हणून त्या चाचणीला अर्थ नव्हता.

दुसरा प्रयत्न पुढच्या काचेला आतून. कप काचेवर उत्तम बसतो, ती जागा त्याचीच आहे. पण चित्र बघताना दोन गोष्टी खटकल्या. एक, डॅशबोर्डचं प्रतिबिंब. त्यावर काळं कापड घट्ट चिकटवलं की ते बरंच कमी होतं. दुसरी जास्त महत्त्वाची: चित्रात मीच नाही. स्टिअरिंगवर हात कसे चालतात ते दिसत नाही, आणि शिकायचं असतं ते तिथेच. शिवाय काचेवर किंवा डॅशबोर्डवर काही लावताना एअरबॅग उघडते त्या जागेत ते येत नाही ना, हे तपासावंच लागतं.

डॅशबोर्डवर चिकटवायच्या पॅडबद्दल थोडक्यात. ते व्हीएचबी टेप, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारं मजबूत टेप, चांगलं असतं, पण गुळगुळीत पृष्ठभागावर, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, दाबून लावल्यावर. पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. आमच्या गाड्यांचे डॅशबोर्ड खरबरीत प्लास्टिकचे. तिथे ते टिकत नाही. माझं मे महिन्याच्या उन्हात गाडी सोसायटीत उभी असतानाच निघून आलं.

आता टिकलेल्या माउंटबद्दल. जागा: दोन्ही सीटच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, किंचित मागे. तिथून दोन्ही हात, गिअर, मीटर, बॉनेटची कड आणि समोरचा ट्रॅक, सगळं एकाच चित्रात येतं. बाजूच्या सीटच्या हेडरेस्टला दोन दांड्या असतात, त्यांना आडवी पट्टी आवळायची आणि पट्टीच्या मधल्या बाजूच्या टोकाला कॅमेरा. अशा तयार पट्ट्या मिळतात, पण मला माझ्या मापाची हवी होती. पाव इंची बोल्ट (कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा आटा पाव इंची असतो), नायलॉक नट (थरथरीने सैल न होणारे) आणि यू-क्लॅम्प नागदेवी स्ट्रीटवरून आणले. तीन मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घेऊन भांडुपला एका गाळ्यात गेलो. तिथले काका तीस-पस्तीस वर्षं लेथवर आहेत.

"काका, हिला चार भोकं पाडून द्याल का?"

"कशाला लावणार?"

"गाडीत. कॅमेरा बसवायचाय."

त्यांनी पट्टी दोन्ही हातांत धरून वाकवली. ती वाकली. "अरे, ही नुसती थरथरेल. सहा एमएमची घे. आणि हात एवढा लांब कशाला ठेवतोस? जेवढा लांब, तेवढा डुलणार." मग पट्टीच्या टोकावरून अंगठा फिरवून म्हणाले, "कोपरे गोल मारून देतो. कोणाचं डोकं आपटलं तर?"

तीन गोष्टी सांगितल्या, तिन्ही शंभर टक्के बरोबर. नव्या पट्टीसकट साडेचारशे रुपये झाले. हाताची लांबी आता नऊ सेंटीमीटर आहे, आधी बावीस होती. यू-क्लॅम्पच्या आत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातलाय. त्याने दांडीला चरे पडत नाहीत आणि क्लॅम्प फिरत नाही. सांधा जितका कमी तितकं चित्र स्थिर, म्हणून बॉल हेड (कॅमेरा हवा तसा फिरवायचा गोल सांधा) काढून टाकलं. इंजिन ६००० आरपीएमच्या वर गेलं की जुन्या व्हिडिओत सगळं जेलीसारखं लचकायचं. सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने टिपतो, त्यात कॅमेरा थरथरला की असं होतं. नवीन पट्टीवर ते जवळजवळ गेलं.

शेजारी कोणी बसणार असेल तर मात्र हा माउंट काढूनच ठेवतो. त्यांच्या डोक्यामागे धातू नको.

सुरक्षेची दोरी आता दीड मिलिमीटर स्टील वायरची आहे, फक्त वीतभर. तिचं एक टोक कॅमेऱ्याच्या पिंजऱ्याला, दुसरं सीटच्या खालच्या लोखंडी फ्रेमला बांधून वर आणलेल्या पट्ट्याला. दोरी माउंटला बांधणारे बरेच दिसतात. पण निकामी होतो तो माउंटच, मग कॅमेरा कशाने थांबणार? इरुंगट्टुकोट्टईला तपासणीच्या वेळी मार्शलने आधी मॅट, बाटल्या, जॅक बाहेर काढायला लावले आणि मग कॅमेरा धरून जोरात हिसका दिला. मी घरी रोज तसाच हिसका देत होतो, त्यामुळे धाकधूक नव्हती. जोरदार धडकेत गाडीतल्या वस्तूवर ३० जीचा, म्हणजे तिच्या वजनाच्या तीसपट, भार सहज येतो. अर्धा किलोची वस्तू तेव्हा पंधरा किलोची होते.

सेटिंगमध्ये एकच गोष्ट कळकळीने सांगतो: गाडीच्या आत स्टॅबिलायझेशन (चित्र आपोआप स्थिर करायची सोय) बंद करा. गाडी वळली की कॅमेऱ्यातला जायरो (हालचाल ओळखणारा सेन्सर) समजतो की कॅमेरा हलला, आणि चित्र उलट्या दिशेला सरकवतो. मग ट्रॅक स्थिर दिसतो आणि डॅशबोर्ड डुलायला लागतो, भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणाऱ्या लाँचसारखा. गाडीच्या आतून पहिला पूर्ण दिवस मी तसाच टिपला आणि तो अभ्यासाला निरुपयोगी ठरला. बाकी सेकंदाला ६० फ्रेम, वाइड अँगल, एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपने कमी, म्हणजे काचेबाहेरचा ट्रॅक पांढरा पडत नाही. १०० मेगाबिटला तासाला ४५ जीबी लागतात, म्हणून कार्ड व्ही-३० वेगाचं आणि निदान १२८ जीबीचं घ्या. सेशन छोटी असतात, त्यामुळे दोन बॅटऱ्या आलटून पालटून पुरतात.

आणि आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते. कारीच्या दुसऱ्या खेपेला पहिल्या दिवशी रात्री लॉजवर लॅपटॉपवर एका वळणाचा तुकडा फ्रेम-फ्रेम सरकवून पाहत होतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाचा आवाज खाली बसतो, आणि ब्रेक लागला की नाक खाली जाऊन बॉनेटच्या कडेवर क्षितिज वर चढतं. माउंट घट्ट असल्यामुळे आणि स्टॅबिलायझेशन बंद असल्यामुळे दोन्ही क्षण स्वच्छ दिसत होते. मधल्या फ्रेम मोजल्या. बेचाळीस. ६० फ्रेमच्या हिशोबाने ०.७ सेकंद. मीटरवर १२०. म्हणजे गाडी २३ मीटर नुसतीच घरंगळत होती, ना वेग घेत होती ना ब्रेक. मला गाडीत बसून वाटत होतं की मी अगदी शेवटपर्यंत दाबून धरतो. माझा विश्वासच बसेना, म्हणून आणखी सहा लॅप मोजले. सगळीकडे ३८ ते ४५.

त्याच चित्रात हातही दिसले. वळणाच्या मध्यावर मी स्टिअरिंगवरची पकड बदलत होतो, आणि तेवढ्याच वेळी पुढचं चाक जरा बाहेर सरकायचं. हे कोणी तोंडी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यात दुसरं काहीच ठेवलं नाही. फक्त उजवा पाय: सोडला की लगेच ब्रेक. दुपारी मोजलं तेव्हा पंधरा-सोळा फ्रेमवर आलो होतो. ज्या एस. कारिवर्धनांच्या नावाने तो ट्रॅक आहे, त्यांनी मारुती ८००चं इंजिन घालून सामान्य माणसाला परवडतील अशा फॉर्म्युला मारुती या रेसच्या गाड्या उभ्या केल्या. त्यांच्या ट्रॅकवर माझ्या साध्या स्विफ्टमध्ये हे शिकायला मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

न सुटलेले प्रश्न दोन. पहिला उष्णता: पिटमध्ये काचा बंद करून गाडी उन्हात राहिली तर कॅमेरा पुढच्या सेशनला पाच-सात मिनिटांत तापून बंद पडतो. म्हणून सेशन संपलं की तो काढून सावलीत ठेवतो, आणि ४के ऐवजी २.७के वर टिपतो. दुसरा मुंबईचा पावसाळा. जूनपासून कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. एकदा एसी गाडीतून थेट दमट हवेत काढला तेव्हा काचेवर आतून धुकं धरलं आणि ते जायला दोन दिवस लागले. आता गाडीतून काढायच्या आधी पंधरा मिनिटं एसी बंद करतो.

पुढच्या वेळी पायांपाशी दुसरा छोटा कॅमेरा लावायचा विचार आहे, म्हणजे आवाजावरून अंदाज करावा लागणार नाही. पेडलजवळ काही सुटलं तर ते ब्रेकखाली अडकू शकतं, त्यामुळे तिथे कप नाही आणि टेपही नाही. बोल्टनेच आवळता येईल अशी जागा शोधतोय. पट्टीचं माप घेऊन या रविवारी पुन्हा भांडुपला काकांकडे जाणार आहे.