शीचे दोन नमुने आणि बर्फाचा डबा: अचानक लुळेपणाच्या (एएफपी) सरकारी सर्वेक्षणाचा आमचा अनुभव

५ पैकी ४ स्टार. जो एक कापलाय तो आमच्या घरी आलेल्या माणसांमुळे नाही, त्याआधी वाया गेलेल्या चार दिवसांमुळे.

माझा मुलगा सहा वर्षांचा. गुरुवारी सकाळी उठला आणि पायच टाकता येईना, उभं केलं की गुडघ्यातून मुडपायचा. जवळच्या क्लिनिकमध्ये नेलं तर अशक्तपणा आहे म्हणून ताकदीचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी परत तेच, मग सासूबाई म्हणाल्या चोळणाऱ्या बाबांकडे नेऊ, तिकडेही जाऊन आलो. सोमवारी मोठ्या सरकारी हॉस्पिटलला पोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हातोडीने गुडघा तपासला, पाय हललाच नाही. म्हणाले जीबीएस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार) वाटतोय, पण ताई, पोलिओ नाही ना हे बघायला एएफपीची केस म्हणून कळवावं लागेल.

मी हादरलेच, अहो सगळे डोस दिलेत त्याला! मग त्यांनी शांतपणे समजावलं की पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की कारण काहीही वाटत असो, कळवायचंच. कारण पोलिओचा व्हायरस शिरलेल्या साधारण २०० जणांत एखाद्यालाच लुळेपणा येतो, बाकीच्यांना कळतही नाही, म्हणजे एक केस सुटली तर मागे पसरलेली सगळी साथच सुटली.

त्याच दुपारी सर्वेक्षणाचा माणूस हजर. चोवीस तासांच्या अंतराने शीचे दोन नमुने हवेत, आणि तेही लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत, नंतर व्हायरस सापडण्याची शक्यता कमी होत जाते. पहिला नमुना मंगळवारी मिळाला. दुसऱ्याला पोराचं पोट साफच होईना, तर ते दादा बुधवारी तीनदा येऊन गेले, शेवटी रात्री साडेनऊला मिळाला, लगेच बर्फाच्या डब्यात ठेवून घेऊन गेले. एका शब्दाने चिडले नाहीत. नमुने मुंबईच्या लॅबला गेले, आम्हाला एक रुपया खर्च नाही. पोलिओ निगेटिव्ह आला, जीबीएसच होता. साठ दिवसांनी परत घरी येऊन पाय तपासून गेले, हे मला सगळ्यात आवडलं.

तक्रार एकच, रिपोर्ट आम्हाला आपणहून कुणी सांगितला नाही, तीन वेळा विचारावा लागला. त्या दिवसांत आईला झोप लागत नाही हो, एक फोन करायला हवा होता.

आता कुणी म्हणेल की भारतात शेवटची वाइल्ड (म्हणजे नैसर्गिक व्हायरसच्या) पोलिओची केस जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडली, २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, मग हे कशाला? गाझाचं बघा ना, पंचवीस वर्षं एक केस नव्हती, जुलै २०२४ मध्ये सांडपाण्यात व्हायरस सापडला आणि पुढच्याच महिन्यात दहा महिन्यांच्या बाळाचा पोलिओ पक्का झाला, नमुने तपासायला जॉर्डनला पाठवावे लागले. सांडपाणी फक्त सांगतं की व्हायरस आलाय, कुठल्या घरात ते सांगत नाही, त्यासाठी आजारी मुलाचा नमुनाच लागतो. मुंबईत सांडपाणी कित्येक वर्षं तपासतात, पण आमच्या तालुक्यात काय, इथे तर खबर देणारी माणसंच पाहिजेत.

म्हणून माझं म्हणणं, छोट्या क्लिनिकवाल्यांना आणि चोळणाऱ्या बाबांनाही यात घ्या. उत्तर प्रदेश-बिहारात पोलिओ होता तेव्हा हकीम-वैदूंनासुद्धा खबर द्यायला जोडून घेतलं होतं. आमच्या क्लिनिकच्या भिंतीवर एक फोन नंबर लिहिलेला असता तर गुरुवारीच कळलं असतं.

मुलगा आता चालतो, जिना चढताना अजून कठडा धरतो. कुणाच्या मुलाचा पाय असा अचानक गळाला तर इंजेक्शन देऊ नका, चोळू नका, पोलिओ असेल तर त्याने लुळेपणा वाढू शकतो. सरळ सरकारी दवाखान्यात न्या, आशाताईंना फोन केलात तरी चालेल.