साथीची लाइन-लिस्ट: एक्सेल की डीएचआयएस२?

साथ पसरल्यावर रुग्णांची लाइन-लिस्ट, म्हणजे एका ओळीत एक रुग्ण अशी यादी, कशात ठेवायची, हा घोळ नेहमीचाच. एक्सेल आजच्या आज सुरू होतं. डीएचआयएस२ म्हणजे अनेकांनी मिळून आरोग्याच्या नोंदी भरायची ऑनलाइन प्रणाली; तिला परवान्याचे पैसे नाहीत, पण सर्व्हर लागतो, तो सांभाळणारा माणूस लागतो.

एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलीत 65,536 ओळीच मावतात. याच मर्यादेपायी 2020च्या शरदात इंग्लंडमध्ये 15,841 कोरोनाबाधित रोजच्या आकड्यांतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध रखडला. पण आपल्याकडे ओळी संपण्याआधी तारखाच दगा देतात. 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च? शिवाय एकच रकाना सॉर्ट झाला की नाव एकाचं, रिपोर्ट दुसऱ्याचा; आणि सेव्ह करून फाइल बंद केली की ते उलगडत नाही. डीएचआयएस२मध्ये तारखेचा रकाना तारीखच घेतो, कोणी काय बदललं याची नोंद राहते. दुबार नोंदी मात्र तिथेही होतात: 'सुनीता' आणि 'सुनिता' वेगळ्या. म्हणून दोन्हीकडे प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र क्रमांक द्याच.

एका गावाची शे-दोनशे रुग्णांची यादी, भरणारा एकच माणूस: एक्सेल पुरे, रोज तारीख घालून नवी प्रत ठेवा. अनेक तालुके आणि प्रयोगशाळा एकत्र भरणार असतील तर डीएचआयएस२, तेही साथीआधीच बसवलेलं.