नवी पेठेत स्पीकर बघायला जाणार असाल तर

घरात गाणी ऐकायला स्पीकरची जोडी पाहिजे होती म्हणून नवी पेठेतल्या एका दुकानात गेलो, नाव लिहीत नाही कारण माल चांगलाय, फक्त दाखवायची पद्धत डोक्यात जाते. काउंटरवरचा पोरगा आल्या आल्या वॅटवरच सुरू. सर ह्याला इतके हजार पीएमपीओ आहेत म्हणे. अहो पीएमपीओ म्हणजे क्षणभराचा कमाल वॅट, तो मोजायला काही ठरलेला नियमच नाही, कंपनी छापेल तो आकडा! आरएमएस, म्हणजे सतत वाजताना झेपणारे वॅट, ते विचारा, आणि त्याच्यासोबत सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते. 85 आणि 88 मध्ये फरक तीनचाच दिसतो पण तेवढाच आवाज काढायला 85 वाल्याला दुप्पट वॅट लागतात. पोराला हे माहितीच नव्हतं, मालकांना होतं. 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ ही खालच्या बेसपासून वरच्या बारीक आवाजापर्यंतची रेंज तर सगळ्याच डब्यांवर असते, पुढं अधिक-उणे किती डेसिबल, म्हणजे त्या रेंजमध्ये आवाज किती वरखाली होतो, ते लिहिलं नसेल तर सोडून द्या, चार इंची वूफरमधनं, म्हणजे बेसच्या स्पीकरमधनं, 20 हर्ट्झ कुठनं येणार ओ.

मग ऐकायला बसलो. एक जोडी लई भारी वाटली, बघतो तर तिचा व्हॉल्यूमच जास्त. जरा मोठ्यानं वाजणारं कानाला चांगलंच वाटतं, म्हणून मोबाईलच्या डेसिबल ॲपवर दोन्ही सारख्या आवाजावर आणल्या, बेस बूस्ट बंद करायला लावला आणि त्यांचं धमाधम रीमिक्स काढून माझ्याकडचं हलगीचं रेकॉर्डिंग लावलं. महागड्या जोडीत सगळी कडकड एकात एक मिसळली, स्वस्तवालीत प्रत्येक टिपरू सुटं. कागदावर दोन्हींचा विजेला रोध 8 ओम, वॅटही जवळपास तेवढेच!

मालकांनी डिपॉझिट घेऊन स्वस्तवाली जोडी घरी न्यायला दिली, ह्याचं मात्र कौतुक. आमच्याकडं शहाबादी फरशी, भिंती उघड्या, आवाज घुमतो. कोपऱ्यात ठेवली तर बेस नुसता गुरगुरायला लागला, भिंतीपासून पुढं ओढल्यावर सुधारलं. मागं सोलापुरी चादर पण टांगून बघितली, वरचा तिखटपणा जरा कमी झाला, बेसला तिचं काही घेणंदेणं नाही.

शेवटी तीच घेतली. वॉरंटी कार्डावर शिक्का मागून घ्या, आपणहून मारत नाहीत. आणि दुपारी जा, संध्याकाळी तिथं गाडी लावायला जागा नसते आणि गर्दीत निवांत कोण ऐकू देणार.