जुन्या टॉवरच्या जागी मिनी पीसी

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा घरच्या जुन्या टॉवरमध्ये नसल्यामुळे, आधीच रखडत चालणारा तो संगणक बदलण्यावाचून गत्यंतर उरले नाही. लॅपटॉप घरभर फिरतो आणि नेमक्या वेळी चार्ज केलेला नसतो, म्हणून मॉनिटर, कीबोर्ड व माऊस जुनेच ठेवून मिनी पीसी, म्हणजे छोट्या डब्याएवढा डेस्कटॉप संगणक, निवडला.

खरा फरक प्रोसेसरपेक्षा एसएसडीमुळे, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हमुळे, जाणवतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर योग्य जागा सापडेपर्यंत प्रत्येक लहानसहान फाइल ताटकळत असे. एसएसडीत हलणारा भागच नसल्यामुळे लॉगिन होताच ब्राउझर उघडतो आणि हार्ड डिस्कची कुरकुरही थांबली आहे. मेमरी (रॅम) मात्र १६ जीबी घ्यावी. विंडोज ११ ची ४ जीबीची किमान अट कागदावरच शोभते. मुलांचा ऑनलाइन वर्ग आणि उघडे राहिलेले असंख्य टॅब एकत्र आले, की ८ जीबीही तोकडी पडते. काही मॉडेलांत मेमरी मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असल्याने पुढे वाढवता येत नाही, हे आधीच विचारून घ्यावे. या यंत्राचा तळ चार स्क्रू काढले की उघडतो आणि आत एक स्लॉट रिकामा आहे.

उणिवाही आहेत. डीव्हीडी ड्राइव्ह नाही, जुन्या मॉनिटरच्या व्हीजीए केबलसाठी वेगळा अडॅप्टर घ्यावा लागला, आणि भारी गेम खेळणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.