स्तंभावरची दर्शक काच: वर्षभराच्या वापरानंतर

न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरते मद्य घरी गाळणे कायदेशीर आहे (विक्री मात्र निषिद्ध), म्हणून ऑकलंडच्या एका दुकानातून मी माझ्या दोन इंची स्तंभासाठी (गाळण्याच्या भांड्यावरची, वाफ वर नेणारी उभी नळी) ही दर्शक काच, म्हणजे आत काय चालले आहे ते दाखवणारा पारदर्शक तुकडा, घेतली. काचेची नळी बोरोसिलिकेटची (उष्णता सोसणाऱ्या काचेची) असून तिच्याभोवती पोलादी सळ्यांचा पिंजरा आहे. तापमानातील फरक सोसण्याच्या दृष्टीने साध्या काचेपेक्षा हीच निवड योग्य ठरते. सोबत आलेले सिलिकॉनचे वायसर मात्र मी बाजूला ठेवले, कारण तीव्र अल्कोहोलच्या गरम वाफेला टेफ्लॉनचेच हवेत.

जागेबाबत माझा पहिला अंदाज चुकला. काच भरावाच्या (स्तंभात भरलेले, वाफ ज्यातून वर जाते ते साहित्य) वर, कंडेन्सरखाली (वाफ थंड करून तिचा द्रव करणारा भाग) बसवली तेव्हा परतणारे थेंब सुरेख दिसत, पाहत बसावेसे वाटे. परंतु भांड्यातून उसळणारा फेस नजरेस पडेपर्यंत तो भरावात शिरून गेलेला असे. तीच काच भरावाखाली आणल्यापासून फेस वेळीच दिसतो आणि आच कमी करता येते. भराव तुंबून वर साचणारा द्रव पाहण्यासाठी वरचीच जागा बरी, त्यामुळे दुसरी काचही घेणार आहे. काच स्तंभाला जोडणारा क्लॅम्प हातानेच आवळावा. पाना लावल्यास काच तडकण्याचा धोका असतो.