एसएसडी की हार्डडिस्क?

सोलापुरातल्या नवी पेठेतून भाच्याचा फोन: "मामा, पैसे तेवढेच. २५६ जीबी एसएसडी घेऊ की १ टीबी हार्डडिस्क?" दोन्ही कॉम्प्युटरमध्ये माहिती साठवायची साधनं: हार्डडिस्कमध्ये फिरती तबकडी, एसएसडीत नुसत्या चिप.

वेग: साटा जोडणीची साधी एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, हार्डडिस्क दीडशेच्या आतबाहेर. माझा जुना डबा चहा उकळला तरी सुरू व्हायचा नाही; एसएसडी टाकल्यापासून खुर्ची ओढेपर्यंत तयार.

टिकाऊपणा: हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला साधारण ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते, धक्का सोसत नाही. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. पण ती जाते तेव्हा बहुधा न सांगता जाते. हार्डडिस्क निदान आधी कुरकुरते.

जागा: इथं हार्डडिस्कच स्वस्त.

विंडोज, टॅली, अभ्यास असेल तर एसएसडी घे. लग्नाचे व्हिडिओ साठवायचे तर हार्डडिस्क, आणि दुसरी प्रत वेगळी ठेव.